लाकडी युद्धनौकांच्या प्रतिकृती : ऐतिहासिक अचूकता कशी तपासावी

शिडांच्या युद्धनौकांच्या लाकडी प्रतिकृती आपल्याला बहुधा तीन ठिकाणी दिसतात : संग्रहालयात, दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत आणि दिवाळीत मुलांनी केलेल्या किल्ल्याभोवती. तिन्ही ठिकाणी पाहणारा एकच प्रश्न विचारतो, "हे जहाज खरंच असं होतं का?" या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे, कोणते पुरावे उपलब्ध आहेत आणि प्रतिकृती करताना कोणत्या चुका वारंवार होतात, याची माहिती दिली आहे. एक उदाहरण मुंबईत बांधलेल्या आणि आजही तरंगत असलेल्या जहाजाचे आहे. दुसरे मराठा आरमाराच्या गुराब-गलबतांचे, ज्यांचा एकही आराखडा हाती नाही.

अचूकता म्हणजे काय?

पुष्कळांच्या मते अचूक प्रतिकृती म्हणजे बारीक कामाची प्रतिकृती. प्रत्येक तोफ, प्रत्येक दोर, प्रत्येक खिळा दिसला म्हणजे ती अचूक. हा समज अपुरा आहे. काम अतिशय नाजूक असूनही प्रतिकृती चुकीची असू शकते, आणि साधे, रंग न दिलेले मॉडेल बरोबर असू शकते.

अचूकतेसाठी दोन प्रश्नांची उत्तरे लागतात. पहिला : हे कोणते जहाज, आणि कोणत्या वर्षीचे? दुसरा : यातला प्रत्येक भाग असाच होता हे कशावरून? पहिल्याचे उत्तर नसेल तर निरनिराळ्या काळांचे भाग एकाच जहाजावर जमा होतात. दुसऱ्याचे नसेल तर ठाऊक असलेले आणि कल्पनेने भरलेले यांतला फरक पाहणाऱ्याला कळत नाही.

लाकडी जहाज अनेक वर्षे वापरात असे आणि त्या काळात ते सतत बदलत असे. फळ्या बदलल्या जात, डोलकाठ्या नव्या येत, तोफा कमीजास्त होत, पिछाडीची रचनाही बदले. त्यामुळे नुसते नाव पुरत नाही, साल लागतेच.

आराखडे असूनही प्रश्न उरतात : मुंबईची 'त्रिंकोमाली'

'त्रिंकोमाली' ही ब्रिटिश नौदलाची फ्रिगेट मुंबईच्या गोदीत सागवानात बांधली गेली. बांधणी जमशेटजी बोमनजी वाडिया या पारशी मुख्य नौकाकाराच्या देखरेखीखाली झाली. पारशी प्रथेप्रमाणे जहाजाच्या तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला होता. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. सध्या ती इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेली आहे.

तिचे आराखडे इंग्लंडहून आले होते, आणि ते येण्यातही अडचण झाली. आराखड्यांचा पहिला संच 'जावा' या जहाजातून मुंबईकडे निघाला होता. डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या जहाजाने 'जावा'चा पराभव केला आणि संच हरवला. मग दुसरा पाठवावा लागला. मुळात ही रचना 'लीडा' वर्गाची, आणि तो वर्ग इंग्रजांनी पकडलेल्या 'हेबे' या फ्रेंच जहाजावरून घेतलेला. म्हणजे फ्रेंच रचना, इंग्रजी आराखडा, पारशी नौकाकार आणि भारतीय सागवान असे हे जहाज आहे.

जहाज समोर आहे आणि त्या वर्गाचे आराखडेही आहेत, तेव्हा प्रतिकृती करणे सोपे असावे असे वाटते. पण १८४५ च्या सुमारास तिच्यात मोठे फेरफार झाले. तोफांची संख्या कमी करून अधिक ताकदीच्या तोफा बसवल्या, पिछाडीची रचना बदलली आणि तिचा वर्गही बदलून ती २६ तोफांची कॉर्व्हेट ठरली. पुढे ती 'फूद्रोयाँ' या नावाने प्रशिक्षण-जहाज झाली, आणि १९९० च्या दशकात दुरुस्तीच्या काळात तिला मूळ नाव परत मिळाले. आजच्या जहाजाचे फोटो पाहून केलेल्या प्रतिकृतीखाली '१८१७' असे लिहिले तर ती पाटी चुकीची ठरते, काम कितीही सुबक असले तरी.

तोफांच्या आकड्याचीही अशीच गंमत आहे. या वर्गाची जहाजे आधी '३८ तोफांची' म्हणून नोंदली जात आणि नंतर '४६ तोफांची' म्हणून. जहाजावर तोफा अचानक वाढल्या असे नाही. कॅरोनेड नावाच्या आखूड तोफा आधी मोजणीत धरत नसत, १८१७ पासून धरू लागले. जुन्या कागदातला आकडा हा नोंदणीचा वर्ग असतो. वर प्रत्यक्षात किती तोफा होत्या, हा वेगळा प्रश्न असतो.

पुरावा सुधारला की प्रतिकृतीही सुधारते

स्वीडनची 'वासा' १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोम बंदरात बुडाली आणि २४ एप्रिल १९६१ रोजी वर काढली गेली. जहाज जवळजवळ संपूर्ण मिळाले, पण रंग पाण्यात गेलेला होता. सुरुवातीला तिची पिछाडी निळी आणि सोनेरी असावी असे मानले जाई आणि प्रतिकृतीही तशाच रंगवल्या जात. पुढे लाकडात उरलेल्या रंगकणांच्या तपासणीतून कळले की पार्श्वभूमी तांबडी होती आणि शिल्पे नाना रंगांची होती. आधीच्या कारागिरांनी हयगय केली नव्हती. त्यांच्यापुढे तेवढाच पुरावा होता.

ट्रफाल्गरच्या लढाईतली (१८०५) नेल्सनची 'व्हिक्टरी' हेही असेच उदाहरण. ती १७६५ मध्ये पाण्यात उतरली तेव्हा तिच्या पिछाडीला उघडे सज्जे होते. १८०० ते १८०३ च्या मोठ्या दुरुस्तीत ते बंद करण्यात आले. बाजूचे पिवळे पट्टे अनेक वर्षे गडद पिवळे रंगवले जात. रंगाच्या जुन्या थरांच्या अभ्यासानंतर २०१५ मध्ये ते फिकट, किंचित गुलाबीकडे झुकणाऱ्या छटेत रंगवले गेले. जगातल्या असंख्य घरांत गडद पट्ट्यांची 'व्हिक्टरी' आजही आहे.

जहाजांच्या काळातच केलेली मॉडेलेसुद्धा डोळे मिटून मानता येत नाहीत. सतराव्या शतकापासून इंग्लंडच्या नौदलासाठी केलेली सुंदर मॉडेले ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत. त्यांच्या तळाला फळ्या न लावता आतल्या फासळ्या उघड्या ठेवलेल्या असतात. पण त्या फासळ्यांची मांडणी मॉडेलासाठी ठरवलेली, नक्षीदार पद्धतीची आहे. खऱ्या जहाजाच्या फासळ्या तशा जोडत नसत. बाह्य आकारासाठी ही मॉडेले उत्तम पुरावा आहेत, आतल्या बांधणीसाठी नाहीत.

आराखडा नसलेले आरमार

आता आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येऊ. शिवाजी महाराजांचे, आंग्र्यांचे किंवा पेशव्यांचे एकही लढाऊ जहाज आज शिल्लक नाही, आणि मापांसह काढलेला त्यांचा समकालीन आराखडाही हाती नाही. कोकणातले सुतार कागदावर आराखडा काढून जहाज बांधत नसत; प्रमाणे त्यांच्या डोळ्यांत, हातात आणि पिढीजात सूत्रांत असत. त्यात फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गाच्या बंदरात जळाले. त्या वेळी पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हेही इतिहासात नोंदलेले आहे.

तरीही आपण पूर्ण अंधारात नाही. उपलब्ध आधार असे :

• आज्ञापत्र. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या ग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार थोर किंवा फार लहान नसाव्यात, मध्यम असाव्यात. वाऱ्याशिवाय चालणार नाही असे अवजड जहाज उपयोगाचे नाही, असा त्याचा रोख आहे. लाकडाविषयीही त्यात सूचना आहेत : राज्यातल्या अरण्यातले सागवान परवानगीने तोडावे, आणि रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण ती वाढायला वर्षे लागतात.

• सभासद बखर. तीत गुराबा, गलबते, तरांडी, शिबाडे, पगार अशा निरनिराळ्या जातींची नावे येतात. सगळ्यांना 'मराठा जहाज' असे एकच नाव देणे म्हणजे बैलगाडी, छकडा आणि मेणा यांना 'वाहन' म्हणून थांबण्यासारखे आहे.

• शत्रूचे वर्णन. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने १७६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथखंडात गुराब आणि गलबत यांचे तपशीलवार वर्णन केले आहे. कंपनीने या नौकांशी अनेक वर्षे झुंज दिलेली असल्याने हे वर्णन फार मोलाचे आहे.

• पोर्तुगीज कागदपत्रे. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे नौका बांधायला घेतल्या तेव्हा रुय लैतांव व्हिएगस याच्या हाताखालचे काही पोर्तुगीज कारागीर १६५९ च्या सुमारास त्या कामावर होते. पुढे पोर्तुगीज सत्तेच्या दबावामुळे ते काम सोडून गेले. युरोपीय कसबाचा संपर्क होता हे यावरून कळते. जहाजे युरोपीय आकाराची होती असे मात्र यावरून सिद्ध होत नाही.

• गोदी. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत गिर्ये येथे आरमारी गोदीचे अवशेष आहेत. गोदीच्या मापांवरून तीत मावणाऱ्या जहाजाची वरची मर्यादा समजते.

• नंतरची रेखाटने आणि चालू परंपरा. फ्रेंच नौदल अधिकारी एदमाँ पारी याने १८४० च्या दशकात युरोपाबाहेरच्या नौकांची मापांसह रेखाटने प्रसिद्ध केली. त्यांत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नौकाही आहेत. आजचे कोकणी आणि गोमंतकीय नौकासुतारही जुन्या पद्धतीचे काही ज्ञान बाळगून आहेत.

शेवटच्या गटातले आधार वापरताना काळाचे भान ठेवावे. १८४० ची फत्तेमारी म्हणजे १६६५ चे गलबत नव्हे. उलट दिशेनेही हीच काळजी घ्यावी. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांचे सुंदर नौकायुद्ध कोरलेले आहे, पण ते वीरगळ शिवकालाच्या सुमारे चारशे वर्षे आधीचे आहेत.

गुराब कशी होती?

ऑर्मच्या वर्णनाचा सारांश असा. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, काहींना तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंतची. लांबीच्या मानाने ती बरीच रुंद होती आणि पाण्यात फार कमी बुडत असे. मध्यापासून पुढे ती निमुळती होत जाई, आणि तिची नाळ भूमध्य समुद्रातल्या गॅली नौकांसारखी पुढे लांब आलेली असे.

या नाळेवर मुख्य तक्तपोशीच्याच पातळीवर मजबूत तक्तपोशी होती. तिला बाजूचे कठडे नव्हते. समोरून लाट आली की अशी नौका जोरात डुबकी घेई. कठडे नसल्यामुळे वर आलेले पाणी अडून न राहता निघून जाई. नाळ आणि मुख्य जहाज यांच्यामध्ये आडवी भिंत असे. तिला छिद्रे पाडून नऊ ते बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा समोर रोखलेल्या असत आणि त्या नाळेवरून मारा करीत. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी असत.

म्हणजे युरोपीय जहाजाचे मुख्य बळ बाजूच्या तोफांच्या रांगेत होते, तर गुराब पुढे तोंड करून लढणारी नौका होती. शत्रूच्या जहाजाची पिछाडी गाठायची, आधी त्याच्या डोलकाठ्या मोडायच्या आणि मग जवळ जायचे, अशी तिची रीत. तोफांच्या दोन-तीन मजली रांगा असलेले उंच जहाज करून त्याला 'गुराब' म्हटले तर आकार चुकतोच, शिवाय लढाईची पद्धतही चुकीची दाखवली जाते.

गलबत कसे होते?

गलबत म्हणजे गुराबेच्या घडणीची, पण लहान आणि वल्ह्यांवर चालणारी नौका. मोठ्यात मोठे गलबत क्वचितच ७० टनांच्या पुढे जाई. त्याला दोन डोलकाठ्या असत. मागची अगदी हलकी. पुढच्या मुख्य काठीला एकच, फार मोठे तिकोनी शीड. ते चढवले की त्याचे टोक काठीच्याही बरेच वर जाई. बहुतेक गलबतांची तक्तपोशी हलकेपणासाठी चिरलेल्या बांबूची असे आणि त्यांवर कठड्यात बसवलेल्या, फिरवता येणाऱ्या लहान तोफाच असत. मोठ्या गलबतांना पक्की तक्तपोशी आणि दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा. वल्ही चाळीस ते पन्नास, वेग ताशी सुमारे चार मैल. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून नेत.

बांबूची तक्तपोशी हा तपशील प्रतिकृतीत जवळजवळ कधीच दिसत नाही. तो दाखवायला सोपा आहे आणि नौका हलकी का होती ते चटकन सांगतो.

माप काढण्याचे एक उदाहरण

गलबताची लांबी वर्णनात दिलेली नाही. मग प्रतिकृती किती लांब करायची? वल्ह्यांवरून अंदाज करता येतो. एकूण ४० वल्ही, म्हणजे एका बाजूला २०. वल्हे मारणाऱ्याला मागेपुढे हलायला साधारण तीन फूट जागा लागते असे धरले, तर वल्ह्यांच्या भागाची लांबी ६० फूट होते. नाळ आणि पिछाडी त्याहून वेगळी. १:७२ या प्रमाणात ६० फूट म्हणजे सुमारे २५.४ सें.मी.

यातले '४० वल्ही' हा लिखित पुरावा आहे. 'तीन फूट' हे शरीराच्या हालचालीवरून केलेले अनुमान आहे. '६० फूट' हा त्या दोघांतून आलेला निष्कर्ष आहे. तिन्ही गोष्टी टिपणात वेगवेगळ्या लिहाव्यात. उद्या गलबताची खरी मापे एखाद्या दफ्तरात सापडली, तर नेमके काय बदलायचे ते पुढच्याला कळेल.

असा विचार पूर्ण आकाराच्या नौकेसाठीही केला गेला आहे. गोव्यात बांधलेली आणि मे २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली 'कौंडिण्य' ही शिवलेल्या फळ्यांची शिडाची नौका अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावर आधारलेली आहे. चित्रात नौकेची एकच बाजू दिसते. आतली रचना, खोली, समतोल हे सर्व अनुमानाने आणि चाचण्यांनी ठरवावे लागले. ती युद्धनौका नाही आणि मराठा काळातलीही नाही, पण आराखडा नसताना काम कसे करावे याचा तो जवळचा नमुना आहे.

ताफ्याचे प्रमाण

दिवाळीच्या किल्ल्याभोवती किंवा प्रदर्शनात एकापेक्षा जास्त जहाजे मांडायची असतील, तर त्यांचे परस्पर प्रमाणही इतिहासाचा भाग आहे. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून बसरूरच्या स्वारीवर गेले तेव्हा तीन मोठी जहाजे आणि ८५ लहान नौका होत्या. आज्ञापत्रात एका सुभ्याला पाच गुराबा आणि पंधरा गलबते असे प्रमाण येते. ऑर्म आंग्र्यांच्या मुख्य ताफ्यात आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते सांगतो.

तीन वेगळे काळ आणि तीन वेगळे लिहिणारे, पण सूत्र एकच : मोठी जहाजे थोडी, लहान नौका पुष्कळ. तेव्हा सिंधुदुर्गाभोवती एकच भलेमोठे गलेऑन ठेवण्यापेक्षा एक गुराब आणि तीन-चार गलबते ठेवणे जास्त बरोबर. मुलांनाही ते सोपे जाते, कारण गलबत लहान असते.

आंग्र्यांच्या ताफ्यात पकडलेली युरोपीय जहाजेही होती. १७५६ मध्ये विजयदुर्गाला जी आग लागली ती 'रिस्टोरेशन' या अशाच एका पकडलेल्या इंग्रजी जहाजापासून पसरली. त्यामुळे मराठा ताफ्यात युरोपीय घडणीचे जहाज दाखवणे चूक नाही. ते पकडलेले आहे असे पाटीवर लिहावे.

वारंवार दिसणाऱ्या चुका

१. सुकाणूचे चाक. इंग्रजी जहाजांवर चाक अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आले. शिवकालीन नौकेवर चाक दाखवणे कालविसंगत आहे. सुकाणूला लांब दांडा दाखवावा.

२. उंच, मनोऱ्यासारखी पिछाडी. ही सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपीय जहाजांची ओळख. उथळ खाड्यांत फिरणाऱ्या, वल्ह्यांच्या गलबताला ती शोभत नाही आणि पेलणारही नाही.

३. गलबताला चौकोनी शिडे. गलबताचे मुख्य शीड तिकोनी आणि परबाणाला, म्हणजे तिरक्या आडव्या काठीला, बांधलेले असते.

४. दोरांच्या शिड्या. युरोपीय जहाजाच्या डोलकाठीला दोन्ही बाजूंनी कायमचे ताणदोर आणि त्यांवर चढायच्या दोरीच्या पायऱ्या असतात. आपल्या किनाऱ्यावरच्या तिकोनी शिडाच्या नौकांवर ताणदोर कप्पीने वाऱ्याच्या बाजूला बांधतात आणि शीड पालटले की हलवतात.

५. मागे कललेली डोलकाठी. पश्चिम किनाऱ्यावरच्या पारंपरिक नौकांची मुख्य काठी बहुधा किंचित पुढे झुकलेली असते. बाजारी संचातली काठी जशीच्या तशी बसवली की हा फरक हरवतो.

६. तांब्याचा तळ. ब्रिटिश नौदलाने तळाला तांब्याचे पत्रे लावणे १७८० च्या आसपास सर्रास सुरू केले. 'त्रिंकोमाली'ला तांबे शोभते, शिवकालीन गलबताला नाही. आपल्याकडे तळाला चुना, तेल, राळ यांचे लेप देत.

७. शिडावरची मोठी चित्रे. शोभेसाठी शिडावर चिन्हे रंगवण्याची हल्ली पद्धत पडली आहे. समकालीन आधार दाखवता येत नसेल तर शीड कोरे ठेवावे.

लाकूड, फळ्या आणि दोर

खरे जहाज सागवानाचे होते म्हणून मॉडेलही सागवानाचे करावे, असा आग्रह अनेकदा असतो. पण सागवानाच्या रेषा ठळक आणि छिद्रे मोठी असतात. १:७२ प्रमाणात लाकडावरची एक मिलिमीटरची रेघ खऱ्या जहाजावर सात सेंटिमीटरच्या भेगेसारखी दिसते. म्हणून बारीक पोताचे लाकूड घ्यावे. परदेशात पेअर आणि बॉक्सवुड वापरतात. आपल्याकडे हेद (हळदू) चांगले. हवा तर सागवानी रंग वरून द्यावा. वस्तू तीच वापरण्यापेक्षा ती प्रमाणात कशी दिसेल हे महत्त्वाचे.

फळ्यांची लांबीही तपासावी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड फळी कोणत्याच मोठ्या जहाजाला नव्हती. खरी फळी २४ फुटांची धरली तर १:७२ ला ती सुमारे दहा सेंटिमीटर होते. त्यानंतर सांधा यायला हवा. सुरत-मुंबईकडच्या नौकाबांधणीत फळीच्या कडेला खाच पाडून शेजारची फळी तीत बसवत आणि सांध्यात कापूस व राळ भरत. त्यामुळे सांधा घट्ट, जवळजवळ न दिसणारा होई. मॉडेलावर काळ्या, जाड रेघांनी सांधे रंगवणे त्या कसबाला न्याय देत नाही.

दोरांच्या बाबतीत एक आकड्याचा सापळा आहे. जुन्या इंग्रजी कोष्टकांत दोराचे माप परिघाचे असते, व्यासाचे नाही. 'सहा इंची' दोराचा व्यास सुमारे १.९ इंच, म्हणजे १:७२ ला ०.७ मि.मी.पेक्षा कमी. तोच आकडा व्यास समजला तर दोर दोन मिलिमीटरहून जाड होतो आणि जहाज दोरखंडांच्या जाळ्यात अडकल्यासारखे दिसते. रंगाकडेही लक्ष द्यावे. युरोपीय जहाजांचे कायमचे ताणदोर तागासारख्या धाग्याचे आणि डांबर लावून काळपट केलेले असत. आपल्या किनाऱ्यावर काथ्याचा तपकिरी दोर सर्रास वापरात होता.

प्रमाण ठरवताना जागाही पाहावी. 'त्रिंकोमाली'ची तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट आहे. १:४८ ला ती साधारण ९५ सें.मी., १:७२ ला ६४ सें.मी. आणि १:९६ ला ४८ सें.मी. होते, नाळेपुढची काठी आणि डोलकाठ्यांची उंची वेगळी धरावी. प्रमाण बरोबर आहे का हे पाहण्याची सोपी युक्ती म्हणजे माणसाची आकृती. साडेपाच फुटी माणूस १:७२ ला सव्वादोन सेंटिमीटरपेक्षा किंचित उंच होतो. तो कठड्याआड उभा करून पाहावा. तोफ त्याच्या छातीपर्यंत येत असेल, तर बाजारातून आणलेली तोफ मोठ्या प्रमाणाची आहे.

आधाराचे टिपण

प्रत्येक प्रतिकृतीसोबत एक पानाचे टिपण ठेवावे. वर जहाजाचे नाव किंवा जात, वर्ष आणि प्रमाण. खाली तीन रकाने : भाग, आधार, खात्री. खात्रीसाठी चार शब्द पुरतात : 'नोंद', 'चित्र', 'परंपरा', 'अनुमान'. गलबतासाठी नमुना असा :

• दोन डोलकाठ्या, मागची हलकी : नोंद (ऑर्म, १७६३)
• मुख्य शीड तिकोनी आणि मोठे : नोंद (तीच)
• बांबूची तक्तपोशी : नोंद (तीच)
• एका बाजूला २० वल्ही : नोंद (एकूण ४० ते ५० पैकी कमी आकडा धरला)
• वल्ह्यांच्या भागाची लांबी ६० फूट : अनुमान
• डोलकाठी पुढे झुकलेली : परंपरा (पश्चिम किनारा, नंतरचा काळ)
• काथ्याचे दोर : परंपरा
• पिछाडीचा नेमका आकार : अनुमान

असे टिपण असले की 'अनुमान' लिहिलेले भागही प्रामाणिक ठरतात. संग्रहालयातल्या प्रतिकृतीखाली असे टिपण नसेल तर पाहणाऱ्याने ते आवर्जून मागावे.

हा काटेकोरपणा मराठा आरमाराच्या बाबतीत अधिक गरजेचा आहे. 'व्हिक्टरी' चुकीची रंगवली तर पोर्ट्समथला जाऊन खरे जहाज पाहता येते. गुराब चुकली तर ताडून पाहायला काहीच नाही. मुलाने लहानपणी पाहिलेले मॉडेल हेच त्याच्या मनातले गुराबेचे रूप होते, आणि उद्या तो चित्रकार, शिक्षक किंवा मंडळाचा कार्यकर्ता झाला की तेच रूप पुढे जाते. त्या जागी युरोपीय गलेऑन बसले, तर आपल्या पूर्वजांनी परक्यांच्या जहाजांची नक्कल केली एवढेच पुढच्या पिढीला कळेल. खाड्या उथळ आहेत, पावसाळ्यात समुद्र बंद असतो, वारा पडतो, शत्रूची जहाजे मोठी आहेत, हे सगळे लक्षात घेऊन कमी पाण्यात चालणारी, वल्ही आणि शीड दोन्ही वापरणारी, पुढे मारा करणारी नौका त्यांनी वापरली, हे कळणार नाही.

घरी सुरुवात करायची असेल तर लहान गलबतापासून करावी. १:७२ प्रमाण, हेदाच्या पट्ट्या, बांबूच्या चिरफळ्यांची तक्तपोशी, एक मोठे तिकोनी सुती शीड आणि वीस-वीस वल्ही एवढे साहित्य पुरते. काम सुरू करण्यापूर्वी आधाराचे टिपण लिहून घ्यावे आणि काम चालू असताना त्यात भर घालावी. प्रतिकृती पूर्ण झाली की टिपण तिच्या तळाला चिकटवून ठेवावे, म्हणजे पेटी कोणाच्याही हाती गेली तरी दोन्ही सोबत राहतील.